घटक ६ : मोकळा दिवस : प्रवासवर्णनाची भाषा आणि तिचा कर्ता

घटक रचना
६.० उद्दिष्टे
६.१ प्रास्ताविक
६.२ पार्श्वभूमी : वादी रम
६.३ अभ्यासासाठी उतारा
६.४ विवेचन
६.५ समारोप
६.६ पारिभाषिक शब्द
६.७ सरावासाठी स्वाध्याय

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला
• प्रवासवर्णनातील वाक्यांत क्रियापद कोणाशी जुळते हे ओळखता येईल;
• कर्ता लपवणारी आणि कर्ता दाखवणारी वाक्यरचना यांतील फरक सांगता येईल;
• मराठीत स्थिरावलेल्या काही अरबी शब्दांचा अर्थप्रवास स्पष्ट करता येईल;
• स्वतःच्या प्रवासातील एखाद्या 'काहीच न घडलेल्या' दिवसाचे वर्णन जबाबदारीने लिहिता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, प्रवासवर्णन हा मराठीतील लोकप्रिय वाङ्मयप्रकार आहे. विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि १८५७च्या धामधुमीत सापडले. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. पंडिता रमाबाईंचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' १८८९ मधील. पु. ल. देशपांडे यांचे 'अपूर्वाई' १९६० मध्ये आले. काळ, हेतू आणि शैली भिन्न असली तरी या लेखकांत एक साम्य आहे. पुढे काय वाढून ठेवले आहे, हे त्यांना निघताना नेमके ठाऊक नव्हते.

आजचा प्रवासी पुष्कळदा आयोजित सहलीने जातो. कोणत्या दिवशी काय पाहायचे, कोठे जेवायचे, कोणत्या ठिकाणी किती मिनिटे थांबायचे, हे सारे आधीच ठरलेले असते. बरोबर वाटाड्या असतो. अशा प्रवासाचे वर्णन लिहिणाऱ्यापुढे एक अडचण उभी राहते. त्याच्या हाती छापील कार्यक्रमपत्रिका असते आणि त्याचे लेखन नकळत तिचीच विस्तारित प्रत होऊ लागते.

या अडचणीची खरी परीक्षा सहलीच्या अखेरच्या दिवशी होते. पाहण्यासारखे सर्व पाहून झालेले असते आणि निघायला अवकाश असतो. लेखक अशा दिवसाची बोळवण बहुधा एका ओळीत करतात : 'शेवटचा दिवस विश्रांतीत गेला.' या घटकात आपण नेमका तोच दिवस अभ्यासासाठी घेणार आहोत. कार्यक्रमपत्रिका संपली की प्रवाशाची भाषा बदलते. त्या बदलाकडे लक्ष दिले तर प्रवाशाने काय पाहिले एवढेच नव्हे, तर काय पाहिले नव्हते हेही कळते, असे या घटकाचे प्रतिपादन आहे.

६.२ पार्श्वभूमी : वादी रम

पुढील उतारा जॉर्डन देशाच्या दक्षिण भागातील वादी रम या वाळवंटी प्रदेशासंबंधी आहे. अकाबा या बंदराच्या पूर्वेस, सौदी अरेबियाच्या सीमेजवळ हा प्रदेश आहे. ग्रॅनाइटच्या पायावर उभे असलेले वालुकाश्माचे उत्तुंग कडे आणि त्यांच्यामधून पसरलेली लालसर वाळू असे त्याचे रूप आहे. सुमारे ७४ हजार हेक्टरांच्या या संरक्षित क्षेत्राचा समावेश युनेस्कोने २०११ मध्ये जागतिक वारसा यादीत केला, आणि तो निसर्ग व संस्कृती या दोन्ही निकषांवर केला.

भाषेच्या अभ्यासकाच्या दृष्टीने या प्रदेशाचे महत्त्व वेगळेच आहे. येथील खडकांवर सुमारे २५ हजार चित्रे आणि २० हजार कोरीव लेख आढळतात. लिपीच्या आरंभकाळातील विकास समजून घेण्यासाठी हे लेख मोलाचे मानले जातात. त्यांतील पुष्कळ लेख अगदी लहान आहेत. 'याचा' किंवा 'याने' असा अर्थ देणारे एक अक्षर, मग एका माणसाचे नाव आणि त्यापुढे त्याच्या बापाचे नाव, एवढाच अनेकांचा मजकूर असतो.

येथील रहिवासी बदू, म्हणजे बेदुइन जमातींचे लोक आहेत. पेत्रा आणि वादी रम येथील बदूंच्या सांस्कृतिक परंपरेची युनेस्कोने २००५ मध्ये स्वतंत्र दखल घेतली. उंट व शेळ्या पाळणे, शेळीच्या केसांच्या विणलेल्या पट्ट्यांचे तंबू उभारणे, कडे चढणे, माग काढणे ही त्यांची पिढीजात कौशल्ये होत. आज त्यांच्यातील अनेक कुटुंबे गावात स्थायिक झाली असून वाटाडे, वाहनचालक, स्वयंपाकी म्हणून पर्यटनावर उपजीविका करतात. १९६२ सालच्या 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' या चित्रपटाचे काही चित्रीकरण येथे झाले होते. त्यामुळे येथे येणारे अनेक प्रवासी एक तयार चित्र मनात घेऊनच येतात.

६.३ अभ्यासासाठी उतारा

(हा उतारा प्रस्तुत घटकाच्या लेखकाने आपल्या प्रवासाच्या टिपणवहीवरून तयार केला आहे. वाचताना क्रियापदांखाली पेन्सिलने रेघ ओढावी.)

पाचव्या दिवसापुढे कार्यक्रमपत्रिकेत दोनच शब्द होते : मोकळा वेळ.

आधीच्या चार दिवसांत आम्ही पुष्कळ पाहिले होते. खझालीची अरुंद घळ पाहिली, तिच्या भिंतींवर कोरलेली माणसे पाहिली, वाऱ्याने पोखरलेली दगडी कमान पाहिली, नबाती लोकांच्या देवळाचे अवशेष पाहिले. पिकअपच्या मागच्या बाकांवर आम्ही सात जण समोरासमोर बसत असू. गाडी थांबली की उतरायचे, पाहायचे, छायाचित्र काढायचे आणि पुन्हा चढायचे, असा क्रम होता.

त्या सकाळी गाडी सुरूच झाली नाही. मी उशिरा उठलो. नोव्हेंबर महिना होता. रात्रीची थंडी अजून वाळूत होती. तंबूबाहेर शेकोटीजवळ जाऊन बसलो. स्वयंपाक्याने काळी किटली निखाऱ्यांवरून उचलली, काचेच्या लहान पेल्यात चहा ओतला आणि विचारले, "सुक्कर?"

"साखर," मी मान डोलावून म्हणालो.

त्याने माझ्याकडे नीट पाहिले. "साखर," तो म्हणाला आणि दोन चमचे घातले. चहात कसल्याशा झुडपाची सुवासिक पाने होती. आम्हां दोघांना एकमेकांशी बोलण्यासारखे आणखी काही नव्हते. मी चहा प्यालो आणि आणखी एक पेला प्यालो.

उन्हे वर आल्यावर वाटाड्याबरोबर मुक्कामामागच्या खडकापर्यंत चालत गेलो. वाळूवर रात्रीचे सगळे उमटले होते. किड्याची बारीक रांगोळी त्याने दाखवली. एका कोल्ह्याची पावले स्वयंपाकाच्या तंबूपर्यंत येऊन माघारी गेली होती. खडकावर उंट कोरलेले होते आणि त्यांच्या बाजूला अक्षरांची एक ओळ होती. काय लिहिले आहे, असे मी विचारले.

"मला वाचता येत नाही," तो म्हणाला. "माझ्या आजोबांनाही येत नव्हते. पण कोणाचे तरी नाव असणार. माणूस दुसरे काय लिहितो?"

दुपारी आम्ही सारे कड्याच्या सावलीत पहुडलो. सावली सरकली की आम्हीही सरकत होतो. कोणी वाचत होते, कोणी झोपले होते. मी टिपणवही उघडली आणि चार दिवसांचा वृत्तान्त लिहू लागलो. 'आम्हांला घळीत नेण्यात आले. रात्री उत्तम भोजन देण्यात आले. स्वयंपाकी हसतमुख होता. त्याचे नाव मी विसरलो.'

तेथे पेन थांबले. विसरण्यासाठी आधी ठाऊक असावे लागते. मी त्याचे नाव कधी विचारलेच नव्हते.

मान वर केली तेव्हा मुक्काम प्रथमच दिसला. एक जण गाद्या उन्हात उलट्या करत होता. चालक गाडीखाली आडवा होता. एक पोरसवदा मुलगा पाण्याचे डबे वाहत होता. स्वयंपाकी जमिनीतल्या खड्ड्यातली कालची राख उपसत होता. आमच्या मोकळ्या दिवसात ही चार माणसे मोकळी नव्हती. आधीच्या चार दिवसांत तरी ती कोठे मोकळी होती? पण तेव्हा आम्ही घळी आणि कमानी पाहत होतो.

मी उठलो आणि खड्ड्याजवळ जाऊन बसलो. त्याने निखारे भरले, मांस आणि भाज्या रचलेली लोखंडी जाळी आत सोडली, वर झाकण ठेवले आणि झाकणावर कांबळे घालून वाळू लोटली. नंतर तो रोटी करायला बसला. चुलीवर लोखंडी पत्रा घुमटासारखा पालथा घातलेला होता. त्याने पिठाचा गोळा हातांवरच झुलवून पसरला आणि पत्र्यावर टाकला. आमच्या खानदेशात पालथ्या खापरावर मांडे असेच करतात, हे मला त्याला सांगायचे होते, शब्द नव्हते. मी हातांनी दाखवू लागलो. त्याने एक गोळा माझ्यापुढे केला. माझी रोटी हवेतच फाटली. पाणी वाहणारा मुलगा डबा खाली ठेवून हसला.

रात्री वाळू बाजूला सारली गेली, जाळी वर आली, आम्ही जेवलो. शेकोटीजवळ वेलदोड्याचा कहवा फिरला. वाटाड्याने विचारले, "तुमच्या भाषेत निघताना काय म्हणतात?"

"येतो," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"म्हणजे मी येतो."

त्याने ते बाकीच्यांना अरबीत सांगितले. ते हसले. स्वयंपाकी काही बोलला. वाटाड्या माझ्याकडे वळला. "तो विचारतो आहे, कधी?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी त्याचे नाव विचारले. त्याने ते सांगितले आणि त्याला जोडून बापाचे नाव सांगितले. मीही माझे नाव सांगितले; अर्जावर लिहितो तसे, वडिलांच्या नावासकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू झाली. वाटाड्या गाडीत होता. मुक्कामावरचे तिघे हात उंचावून "मअस्सलामा" म्हणाले. मी "येतो" म्हणालो. गाडी वळली तेव्हा स्वयंपाकी पुन्हा खड्ड्यातील राख उपसत होता. दुपारी नवे सात जण यायचे होते.

६.४ विवेचन

६.४.१ पाहिली, नेले, बसलो

उताऱ्यातील दुसरा परिच्छेद पुन्हा वाचा : 'घळ पाहिली', 'माणसे पाहिली', 'अवशेष पाहिले'. मराठीत सकर्मक क्रियापद भूतकाळात असते तेव्हा ते सामान्यतः कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. पाहणारा पुरुष असो वा स्त्री, एक असो वा अनेक, 'घळ पाहिली' हेच रूप येते. व्याकरणात यास कर्मणी प्रयोग म्हणतात. स्थलदर्शनाच्या दिवसांत अशी वाक्ये साहजिकच वाढतात आणि क्रियापद पाहिलेल्या वस्तूंच्या मागे चालते.

'वाटाड्याने आम्हांला घळीत नेले' असे म्हटले तर क्रियापद कर्त्याशीही जुळत नाही आणि कर्माशीही जुळत नाही. हा भावे प्रयोग. आणि टिपणवहीत लिहिले आहे त्याप्रमाणे 'आम्हांला घळीत नेण्यात आले' असे म्हटले तर नेणारा माणूस वाक्यातूनच नाहीसा होतो. '-ण्यात येणे' ही रचना शासकीय परिपत्रकांतून व वृत्तपत्रांतून आपल्या परिचयाची आहे. 'सभा तहकूब करण्यात आली' या वाक्यात ती योग्यच ठरते, कारण तेथे व्यक्तीपेक्षा निर्णय महत्त्वाचा असतो. मात्र 'भोजन देण्यात आले' या वाक्यात पहाटे उठून निखारे पेटवणारा माणूस वगळला जातो.

आता पाचव्या दिवसाची क्रियापदे पाहा : उठलो, बसलो, चालत गेलो, पहुडलो. ही अकर्मक क्रियापदे आहेत. येथे क्रियापद कर्त्याशी, म्हणजे प्रवाशाशी जुळते. लेखिका असती तर 'उठले', 'बसले' अशी रूपे आली असती. चार दिवस वाक्याबाहेर राहिलेला प्रवासी मोकळ्या दिवशी वाक्यात येतो. त्याच्या लिंगवचनासह तो दिसू लागतो, म्हणून त्याचे वागणेही दिसू लागते.

आणखी एक बारकावा लक्षात घ्या. मराठीतील काही सकर्मक क्रियापदे भूतकाळातही कर्त्याशीच जुळतात : मी चहा प्यालो, मी शब्द शिकलो, मी नाव विसरलो. यांतील बऱ्याच क्रियापदांचा परिणाम बाहेरच्या वस्तूवर होण्यापेक्षा करणाऱ्याच्या शरीरावर वा मनावर होतो. (हा नियम सरसकट नाही, 'मी भाकरी खाल्ली' येथे क्रियापद भाकरीशी जुळते.) उताऱ्यात 'विसरलो' या शब्दापाशी पेन थांबते, ते यासाठी. 'नाव विसरलो' या वाक्यात एक सौम्य कबुली आहे, परंतु ती खोटी आहे. 'नाव विचारले नव्हते' हे वाक्य खरे आहे, परंतु अवघड आहे. व्याकरणदृष्ट्या दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. प्रवासवर्णनात शुद्धतेच्या पुढची ही पायरी असते.

यावरून कर्तरी प्रयोग सज्जन आणि कर्मणी प्रयोग दोषी, असा निष्कर्ष मात्र काढू नये. 'त्याने निखारे भरले' हा कर्मणी प्रयोगच आहे आणि त्यात करणारा माणूस स्पष्ट दिसतो. 'रात्री वाळू बाजूला सारली गेली' या वाक्यात तो पुन्हा दिसेनासा झाला आहे. लेखकाची जुनी सवय एका दुपारीत सुटत नाही, याचा हा पुरावा समजावा.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
पुढील वाक्यांत क्रियापद कोणाशी जुळते ते सांगा.
(अ) आम्ही दगडी कमान पाहिली. (आ) मी एक अरबी शब्द शिकलो. (इ) चालकाने आम्हांला उतरवले.
उत्तरे : (अ) कर्माशी, कमान. (आ) कर्त्याशी, मी. (इ) कोणाशीच नाही, भावे प्रयोग.

६.४.२ शब्दांचा मुक्काम

वाळवंटातील शेकोटीजवळ 'सुक्कर' आणि 'साखर' हे शब्द भेटतात, हा योगायोग नाही. संस्कृत 'शर्करा', प्राकृत 'सक्करा' आणि त्यावरून मराठी 'साखर' ही एक वाट. भारतातूनच हा शब्द फारसीत 'शकर' झाला आणि अरबीत 'सुक्कर' झाला, ही दुसरी वाट. पेल्यातील साखर विरघळते, पण तिच्या नावातील नाते दोन हजार वर्षांनंतरही ओळखू येते.

उलट दिशेने आलेले शब्दही पुष्कळ आहेत. पाकिटावर तुम्ही 'मु. पो.' लिहिता, त्यातील 'मुक्काम' अरबी 'मुक़ाम'वरून आला. थांबण्याची, उभे राहण्याची जागा हा त्याचा अर्थ. 'मजल दरमजल' यातील 'मजल' म्हणजे अरबी 'मंज़िल', उतरण्याची जागा. मराठीत तिचा अर्थ दिवसभरात तोडलेले अंतर असा झाला. अरबीत उतरणे महत्त्वाचे होते, मराठीत चालणे महत्त्वाचे झाले.

'गरीब' या शब्दाचा प्रवास अधिक विचार करायला लावतो. अरबीत 'ग़रीब' म्हणजे परका, अनोळखी. परक्या मुलखात माणूस निराधार असतो. त्यावरून 'निर्धन' हा अर्थ रूढ झाला असावा, हे समजण्यासारखे आहे. परदेशी जाणारा आपला प्रवासी तेथील कष्टकऱ्यांचे वर्णन करताना 'गरीब बिचारे' असे सहज लिहून जातो. मूळ अर्थाने पाहिले तर त्या मुक्कामावर 'ग़रीब' होते ते सात प्रवासी.

काही शब्द केवळ दिसायला सारखे असतात. अरबी 'वादी' म्हणजे दरी किंवा कोरडे नदीपात्र. मराठी 'वाडी' संस्कृत 'वाटिका'शी संबंधित आहे. दोहोंचे नाते नाही. मात्र अर्थाच्या अंगाने एक वेगळी जवळीक सापडते. 'वाळवंट' या शब्दाने मराठी माणसाला प्रथम आठवते ते पंढरपूरचे, चंद्रभागेच्या काठचे वाळवंट. नदीकाठची वाळूची जागा हा त्या शब्दाचा घरगुती अर्थ आहे. विस्तीर्ण मरुभूमी हा अर्थही त्याच शब्दाला मिळाला. वादी आणि वाळवंट या दोन्ही शब्दांत कोठेतरी नदी आहे.

६.४.३ निरोपाची भाषा

निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावे, हा संस्कार मराठी घरांत लहानपणीच होतो. 'जाणे' या क्रियापदाला मृत्यूच्या अर्थाची छटा असल्यामुळे ते टाळले जाते. भाषाविज्ञानाच्या दृष्टीने हा दिग्दर्शक क्रियापदांचा लक्षणीय वापर आहे. 'येणे' हे क्रियापद बोलणाऱ्याच्या किंवा ऐकणाऱ्याच्या स्थानाकडील गती दाखवते. निरोपाच्या वेळी आपण परतीची गती आधीच उच्चारतो आणि दूर जाण्याची गती गाळतो. अरबी 'मअस्सलामा' म्हणजे 'सुखरूपतेसह'. त्यात जाणाऱ्याच्या वाटेची काळजी आहे. मराठी 'येतो'मध्ये थांबणाऱ्याच्या मनाची काळजी आहे.

सोलापुरातील मावशीला 'येतो' म्हणताना कोणी तारीख विचारत नाही. ते सौजन्य आहे हे दोघांनाही ठाऊक असते. स्वयंपाक्याला मात्र तो संकेत माहीत नव्हता. त्याने शब्दाचा अर्थ जसाच्या तसा घेतला आणि विचारले, 'कधी?' या एका प्रश्नाने सौजन्याचे रूपांतर वचनात झाले, आणि ते पाळणे शक्य नाही हे लेखकाला उमगले. पुष्कळ प्रवासवर्णने 'पुन्हा नक्की येईन' या वाक्याने संपतात. असे वाक्य लिहिण्यापूर्वी तो प्रश्न स्वतःस विचारून पाहावा.

येथे 'निरोप' या शब्दाकडेही लक्ष द्या. मराठीत तो दोन अर्थांनी येतो. आपण निरोप घेतो, तेव्हा तो विदाईचा असतो. निरोप पोहोचवतो, तेव्हा तो संदेश असतो. प्रवासवर्णन लिहिणाऱ्यावर दोन्ही कामे येतात. ज्याचा निरोप घेतला, त्याचा निरोप वाचकांपर्यंत नीट पोहोचवणे हे त्याचे कर्तव्य होय.

६.४.४ तयार विशेषणे आणि नावे

'वाळूचा अथांग सागर', 'नीरव शांतता', 'सोनेरी किरणांत न्हालेले कडे' अशी विशेषणे वाळवंटाच्या वर्णनात सहज उतरतात. ती चुकीची नसतात, परंतु तेथे न गेलेल्या माणसालाही ती लिहिता येतात. उताऱ्यात त्यांची जागा कोल्ह्याच्या पावलांनी, पालथ्या पत्र्याने आणि उलट्या केलेल्या गाद्यांनी घेतली आहे. हे तपशील मिळण्यासाठी एका जागी बसून राहावे लागते, आणि ती सवड बहुधा अखेरच्या दिवशीच मिळते.

उताऱ्यात स्वयंपाक्याचे नाव आलेले नाही, याबद्दल एखाद्या विद्यार्थ्याला शंका येईल. नाव विचारण्याला एवढे महत्त्व दिल्यावर ते छापले का नाही? विचारणे आणि छापणे या दोन स्वतंत्र कृती आहेत. नाव विचारल्याने दोन माणसांत नाते निर्माण होते. छापल्याने ते नाव अनोळखी लोकांच्या हाती जाते आणि त्यासाठी त्या माणसाची संमती लागते. खडकावरच्या माणसाने आपले नाव स्वतः कोरले होते. येथे ते काम लेखकाने परस्पर करू नये, एवढाच भेद आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
(अ) 'मजल' या शब्दाचा अरबीतील व मराठीतील अर्थ सांगा. (आ) 'येतो' या निरोपाच्या शब्दाला 'कधी?' असा प्रश्न आल्यामुळे काय बदलते?
उत्तरांसाठी सूचना : (अ) ६.४.२ पाहा. (आ) ६.४.३ मधील सौजन्य आणि वचन यांतील भेद लिहा.

६.५ समारोप

आयोजित सहलीच्या अखेरच्या मोकळ्या दिवशी प्रवाशाला काही पाहायचे नसते, म्हणून तो दिवस वर्णनातून गळतो. प्रत्यक्षात त्याच दिवशी प्रवासी वाक्याचा कर्ता होतो आणि आपल्या विश्रांतीसाठी राबणारे इतर कर्ते त्याला दिसू लागतात. वाक्यातून कोणाला वगळायचे आणि कोणाला जागा द्यायची, हा निर्णय व्याकरण आपल्यासाठी घेत नाही. ते फक्त पर्याय उपलब्ध करून देते. निवड लेखकाची असते. वादी रममधील खडकांवर कोरणाऱ्यांनी दोन नावांपुरतीच जागा वापरली. आपल्याजवळ कागद पुष्कळ आहे; तेव्हा जागा नव्हती, ही सबब आपल्याला सांगता येणार नाही.

६.६ पारिभाषिक शब्द

कर्तरी प्रयोग : क्रियापद कर्त्याच्या लिंग, वचन, पुरुषाप्रमाणे बदलते अशी रचना.
कर्मणी प्रयोग : क्रियापद कर्माप्रमाणे बदलते अशी रचना.
भावे प्रयोग : क्रियापद कर्ता व कर्म यांपैकी कोणाशीही न जुळता तृतीयपुरुषी, नपुंसकलिंगी, एकवचनी राहते अशी रचना.
दिग्दर्शक क्रियापद : बोलणाऱ्याच्या वा ऐकणाऱ्याच्या स्थानाच्या संदर्भात गतीची दिशा दाखवणारे क्रियापद, उदा. येणे, जाणे.
अर्थांतर : शब्दाच्या अर्थात काळाच्या वा भाषांतराच्या ओघात होणारा बदल.

६.७ सरावासाठी स्वाध्याय

१. उताऱ्यातील पहिल्या तीन व अखेरच्या तीन परिच्छेदांतील क्रियापदांची यादी करा आणि प्रयोगानुसार वर्गीकरण करा. आढळलेला फरक दहा ओळींत लिहा.
२. वृत्तपत्रातील एखाद्या बातमीत '-ण्यात आले' या रचनेची पाच वाक्ये शोधा. कोणत्या वाक्यांत कर्ता सांगणे आवश्यक होते, ते सकारण लिहा.
३. तुमच्या बोलीत निरोप घेताना कोणते शब्द वापरतात? घरातील ज्येष्ठांना विचारून नोंदवा. स्त्रिया, पुरुष व लहान मुले यांच्या वापरात फरक असल्यास तोही लिहा.
४. 'सामान', 'तयार', 'हिशेब', 'साहेब', 'बाकी' यांपैकी तीन शब्दांचे मूळ व मराठीतील अर्थ शब्दकोशाच्या आधारे स्पष्ट करा.
५. लेखन : तुमच्या एखाद्या प्रवासातील, वारीतील किंवा लग्नघरातील अखेरच्या दिवसाचे वर्णन सुमारे ३०० शब्दांत करा. त्या दिवशी तुमच्यासाठी काम करणाऱ्या किमान एका व्यक्तीला वाक्याचा कर्ता करा. तिचे नाव ठाऊक नसेल, तर शक्य असल्यास लिहिण्यापूर्वी विचारून घ्या.